चित्रात शिरणं सोपं आहे हो, आत गेल्यावर करायचं काय?

प्रश्न असा आलाय: "मुलगी १० वर्षांची आहे, तिच्यासाठी गोष्ट लिहितोय. ओवी आणि कबीर ही भावंडं आजोबांच्या जादूच्या ब्रशने जगप्रसिद्ध चित्रांमध्ये शिरतात. मोनालिसा, स्टारी नाइट, द स्क्रीम, होकुसाईची लाट आणि अजिंठ्याचा पद्मपाणी अशी पाच प्रकरणं झाली. प्रत्येक चित्रात कोणीतरी कोडं घालतं, ते सोडवलं की पुढचं चित्र उघडतं. मुलीने वाचलं आणि म्हणाली, बाबा हे आमच्या जीकेच्या पुस्तकासारखं वाटतंय. कुठे चुकतंय?"

आधी मुलीला माझ्यातर्फे एक चॉकलेट द्या. मी २२ वर्षं मुलांची पुस्तकं एडिट करतेय, स्वतःही लिहिते, आणि सुट्टीत ८ ते १२ वयाच्या पोरांची "चित्र बघा गोष्ट सांगा" अशी वर्कशॉप घेते, पण इतकं नेमकं फीडबॅक मोठ्या माणसांकडून मला फार कमी वेळा मिळालंय. ती बरोबर बोलतेय. तुमच्या गोष्टीत चित्र म्हणजे एसटी स्टँड झालाय. गाडी लागली, पोरं उतरली, एक कोडं खाल्लं, पुढची गाडी.

एक साधी टेस्ट सांगते, मी प्रत्येक ड्राफ्टला लावते. मोनालिसाच्या प्रकरणातून मोनालिसा काढा आणि तिथे दुसरी कुठलीही बाई बसवा, अगदी कॅलेंडरवरची चालेल. प्रकरण तसंच चालतंय का? कोडं तेच, उत्तर तेच, पुढचा दरवाजा तोच? चालत असेल तर त्या प्रकरणात मोनालिसा कधी नव्हतीच, फक्त तिचं नाव होतं. आणि मग लेखकाला आतून कुठेतरी कळत असतं की चित्र काही कामच करत नाहीये, म्हणून तो माहिती भरायला लागतो, लिओनार्डो कोण, कुठल्या साली, लूव्र म्युझियम कुठे आहे. तिथेच जीकेचं पुस्तक सुरू होतं.

उपाय "अजून कल्पनाशक्ती लढवा" हा नाहीये. उलट आहे. तुमची जादू जरा जास्तच मोकळी आहे, तिला चित्राच्या खऱ्या गोष्टींनी बांधून टाका. चित्र ही एक वस्तू असते. ती कोणीतरी बनवलेली असते, तिला वाळायला वेळ लागतो, ती कापली जाते, चोरीला जाते, जळते, तिच्यावर दुसरा कोणी रंग फासतो. प्लॉट सगळा इथे पडलेला असतो, उचलायचा फक्त.

मी वर्कशॉपमध्ये पोरांना एक रूल देते, तुम्ही तो बिनधास्त वापरा, माझ्या मालकीचा नाही. रूल असा, चित्र ओलं असतानाच आत जाता येतं आणि ओलं असतानाच बाहेर येता येतं. बस. पोरांना हे लगेच पटतं कारण भिंतीवरच्या ओल्या पेंटला बोट लावून ओरडा खाल्लेला असतो सगळ्यांनी. आता ह्या एका रूलमधून काय काय निघतं बघा. तैलरंग वरवर वाळायला सुद्धा काही दिवस घेतो, जाड थर असेल तर आतून पूर्ण वाळायला महिने लागतात. म्हणजे तैलचित्रात पोरांकडे आरामात आठवडा आहे. जपानी वुडब्लॉक प्रिंटवरचा, म्हणजे लाकडी ठोकळ्याने छापलेल्या चित्रावरचा, पाण्यातला रंग बघता बघता वाळतो, तिथे मिनिटांचा खेळ. कोडं घालणारा म्हातारा लागतच नाही, चित्राच्या मटेरियलनेच घड्याळ लावून दिलं.

लास मेनिनासवर जरा थांबते, कारण पोरांच्या साहसासाठी ह्याहून भारी चित्र मला माहीत नाही आणि तुमच्या यादीत ते नाहीच. स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझने १६५६ ला काढलेलं, माद्रिदच्या प्राडो म्युझियममध्ये आहे, उंची तीन मीटरच्या वर. राजवाड्यातली एक मोठी खोली, मधे पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, तिला एक दासी छोट्या लाल मडक्यातून पाणी देतेय, उजवीकडे एक भलामोठा कुत्रा बसलाय आणि एक जण त्याच्या पाठीवर पाय ठेवून त्याला त्रास देतोय (पोरं सगळ्यात आधी हेच बघतात, राजकन्या वगैरे नंतर). डावीकडे स्वतः व्हेलास्केझ ब्रश घेऊन उभा आणि त्याच्यासमोर एक प्रचंड कॅनव्हास, पण आपल्याला त्याची फक्त पाठ दिसते. मागच्या भिंतीवर आरसा, त्यात राजा आणि राणी धूसर. आणि अगदी मागे दारात, पायऱ्यांवर, एक माणूस अर्धवट वळून उभा, पडदा धरून, येतोय का जातोय ते कळतच नाही. तो राणीच्या सेवेतला अधिकारी, नाव होसे निएतो, आणि गंमत म्हणजे त्याचंही आडनाव व्हेलास्केझ.

आता मला सांगा, तुमची ओवी ह्या खोलीत घुसली तर पहिल्या मिनिटाला काय करेल? अर्थातच, त्या मोठ्या कॅनव्हासच्या पुढे जाऊन बघेल की त्याच्यावर काय काढलंय. प्रत्येक बॅचमधलं प्रत्येक पोर हेच म्हणतं. लोक साडेतीनशे वर्षं त्यावर वाद घालतायत. आणि तुम्ही लेखक म्हणून तिला तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाही, कारण ती बाजू रंगवलेलीच नाहीये. चित्रात जेवढं रंगवलं तेवढंच जग, हा दुसरा रूल झाला.

अजून एक. चित्रात व्हेलास्केझच्या छातीवर लाल क्रॉस आहे, सांतियागोच्या सरदारांचा मान. पण तो मान त्याला मिळाला १६५९ ला, म्हणजे चित्र काढून झाल्यावर तीन वर्षांनी, क्रॉस नंतर रंगवलाय. ओल्या रंगाचा रूल आठवा. म्हणजे हे चित्र १६५६ ला ओलं होतं आणि नंतर परत एकदा, छातीवर चार बोटं जागेत, ओलं झालं. मी एका बॅचला नमुना म्हणून हे वाचून दाखवते:

कबीर कॅनव्हासच्या पुढे जायला निघाला. पाय उचलला, टाकला, आणि तिथेच.

"अगं इथे भिंत नाहीये. तरी पुढे जाता येत नाहीये."

"कारण तिथलं त्याने काही काढलंच नाही," ओवी म्हणाली.

राजकन्येने मडक्यातलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि दोघांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही क्रॉसच्या आधीचे की नंतरचे?"

"कुठला क्रॉस?"

तिने चित्रकाराकडे बोट केलं. काळा कोट, छाती कोरी.

"मग लवकर आलात," ती म्हणाली. "आता तीन वर्षं थांबा. कुत्र्याला हात लावू नका, तो आधीच वैतागलाय."

एवढंच वाचलं की पोरं ओरडतात, पण आता ते बाहेर कसे येणार! बघा, क्रॉसची माहिती मी सांगितली का? नाही. साल सांगितलं का? तेही नाही. पण पोरगं घरी जाऊन क्रॉस शोधतंय आणि आईला पिडतंय की हा नंतर का काढला. माहितीला कामाला लावायचं. जी माहिती पोरांना अडकवत किंवा सोडवत नाही ती कितीही छान असली तरी कापा. मला स्वतःला कापताना फार जीवावर येतं हे कबूल करते.

ह्या चित्राचं अजून एक सांगायचं राहिलं, मला स्वतःला ह्याचा काटा येतो. १७३४ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री माद्रिदचा तो राजवाडाच जळाला. चित्र वाचवलं, पण राजकन्येच्या डाव्या गालाचा रंग इतका गेला होता की तो जवळजवळ नव्याने रंगवावा लागला, अर्थात दुसऱ्या चित्रकाराने. म्हणजे तिसऱ्यांदा ओलं. आणि ती खोली? ती जगात कुठेच नाही आता. फक्त चित्रात उरली आहे. पोरं आत अडकली असताना राजकन्येला कसं सांगायचं की बाहेर तुझं घर राहिलेलं नाही? १० वर्षांच्या वाचकाला हे झेपतं, तिला त्यापासून वाचवायची गरज नाही, फक्त धाडकन सांगून मोकळं होऊ नका.

आता तुमची लाट. तुमच्या प्रकरणात पोरं लाटेवर सर्फिंग करतात आणि फुजी पर्वत कोडं घालतो. सर्फिंग ठेवा हवं तर, पण मुख्य गंमत तुम्ही सोडूनच दिलीत. ही लाट एक चित्र नाहीये! साधारण १८३१ ची, लाकडी ठोकळ्यांवर कोरून कागदावर छापलेली, हजारोंनी छापली गेली, आणि आज त्यातल्या प्रती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहेत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, शिकागोत आहेत. म्हणजे एका प्रतीतून आत गेलं की बाहेर कुठल्या शहरात निघणार ह्याचा नेम नाही. व्हिलनला न्यूयॉर्कमधून आत ढकलला आणि तो लंडनमध्ये निघाला, असा आख्खा पाठलाग एका प्रकरणात बसतो.

शिवाय ठोकळा झिजतो. पहिल्या प्रतींमध्ये रेषा सलग असतात, छापत गेलं की बारीक रेषा तुटायला लागतात, एक्स्पर्ट लोक ह्या तुटक्या रेषा मोजूनच ओळखतात कुठली प्रत आधीची कुठली नंतरची. माझ्या वर्कशॉपमधल्या एका ९ वर्षांच्या मुलीने हे ऐकलं आणि म्हणाली, मग नंतरच्या प्रतीत होडी गळत असणार. मी दोन मिनिटं गप्प. २२ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. होडीची रेषा तुटली म्हणजे होडीला भोक, सरळ आहे. ओवी आणि कबीरला चांगल्या होडीत पोचायचं असेल तर आधीची प्रत शोधायला लागणार, आणि ओळखायची कशी, तर रेषा बघून. हे खरं कोडं, कोणी म्हाताऱ्याने न घालता पडलेलं. त्या होड्या पण कसल्या माहितीये? ताजे मासे एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, झपाट्याने पोचवणाऱ्या. मासे सडायच्या आत पोचायचंय आणि लाट काही पडत नाही, जवळजवळ दोनशे वर्षं तशीच वर उभी, वल्हेकरी तसेच वाकलेले. त्यांच्या कंबरा काय म्हणत असतील!

साइज बद्दल पटकन सांगून टाकते कारण सगळे इथे फसतात. फोनवर सगळी चित्रं सारखीच दिसतात. ती लाट खरी ए-थ्री कागदापेक्षा थोडी लहानच आहे. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटर. लास मेनिनासमध्ये मात्र माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. तर तुमची पोरं आत गेल्यावर केवढी होतात? लाटेत शिरताना बोटाएवढी होणार का? ठरवा, आणि एकदा ठरवलं की पुढे त्यात बदल नको, कारण पोरं पान नंबरासकट चूक काढतात.

कापलेली आणि हरवलेली चित्रं हा तर खजिनाच आहे. रेम्ब्रांटचं नाइट वॉच, १६४२ चं, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. १७१५ ला ते टाउन हॉलमध्ये हलवलं आणि भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी सरळ कापलं. डावीकडची मोठी पट्टी गेली, त्यातली दोन माणसं गेली. त्या पट्ट्या आजपर्यंत सापडलेल्या नाहीत. आपल्याला हे कळतं कारण कापायच्या आधी गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने केलेली एक छोटी कॉपी उरली, आणि २०२१ ला म्युझियमने त्या कॉपीवरून कॉम्प्युटरच्या मदतीने पट्ट्या छापून काही महिने चित्राच्या बाजूला लावल्या होत्या. आता त्या दोन माणसांचा विचार करा ना, तीनशे वर्षं कुठेतरी गुंडाळलेल्या पट्टीत पडलेत आणि टोळीतले बाकीचे त्यांच्याशिवाय कूच करतायत. गर्दीत एक सोनेरी कपड्यातली छोटी मुलगी आहे, कमरेला मेलेली कोंबडी उलटी टांगलेली, आणि कोंबडी का म्हणून एकही पोर विचारल्याशिवाय राहत नाही. वाटाड्या म्हणून तिला घ्या, सगळ्या बुटक्यांनी मोठ्यांच्या पायातून वाट काढायची असते हे तिला माहीत असणार. आणि हो, ते रात्रीचं चित्रच नाही, दिवसाचं आहे, वरचं व्हार्निश काळवंडलं म्हणून लोकांना रात्र वाटली आणि नाव पडलं. कबीर टॉर्च घेऊन जातो आणि आत लख्ख ऊन, असं एक फजितीचं वाक्य फुकटात मिळतं.

ड्रेस्डेनला व्हर्मीरचं एक चित्र आहे, खिडकीपाशी पत्र वाचणारी मुलगी, मागे तेव्हा कोरी भिंत दिसायची. १९७९ ला एक्स-रे काढला तर भिंतीच्या रंगाखाली एक मोठा क्युपिड निघाला, म्हणजे प्रेमाचा देव, लहान मुलाच्या रूपातला. सगळे समजत होते व्हर्मीरनेच तो नको म्हणून झाकला. पुढे तपासात कळलं की नाही, दुसऱ्याच कोणीतरी, तो गेल्यावर झाकलाय, मग वरचा रंग सुरीच्या टोकाने कणाकणाने खरवडून काढला, २०२१ ला क्युपिड परत बाहेर. भिंतीच्या आत कोंडलेला मुलगा! ह्याच्यावर मी अजून काही बोलत नाही, तुम्हीच बघा.

आणि व्हिलनसाठी एक जागा. बोस्टनचं इसाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियम. १८ मार्च १९९० ला पोलिसांचे कपडे घालून दोन चोर आले, १३ वस्तू घेऊन गेले, अजून एकही मिळालेली नाही. त्यात रेम्ब्रांटचं १६३३ चं वादळातल्या बोटीचं चित्र होतं, बोटीत १४ माणसं, पैकी एक जण दोर धरून सरळ आपल्याकडे बघतोय आणि त्याचा चेहरा रेम्ब्रांटसारखा दिसतो. म्युझियमच्या भिंतीवर आजही रिकाम्या फ्रेम लटकतायत, कारण मालकिणीच्या मृत्युपत्रात मांडणी बदलायची नाही असं होतं. पोरांच्या गोष्टीत "नाहीतर जगाचा नाश होईल" असा धोका घालायची लोकांना फार हौस असते. जगाच्या नाशाने १० वर्षांचं पोर घाबरत नाही हो, त्याने तो टीव्हीवर शंभरदा पाहिलाय. रिकामी फ्रेम दाखवा. बोटीतले १४ लोक अजून वादळात आहेत आणि ते कुठे आहेत हे कोणालाच माहीत नाही म्हणा. बघा कसं गप्प होतं.

आता अजिंठा. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून सांगते. १५-१६ वर्षांपूर्वी मी पण पद्मपाणीवरच गोष्ट लिहिली होती, तुमच्यासारखीच, पोरं लेणी क्रमांक १ मध्ये जातात, पद्मपाणी डोळे उघडतो, करुणेबद्दल छान छान बोलतो. एका शाळेत वाचली. तिसऱ्या पानाला मागच्या बाकावर पेनाची मारामारी सुरू. पद्मपाणीचा काही दोष नाही, तो उभा राहून शांत बघणारा आहे, त्याच्यापुढे माणसाने बसावं, साहस करायला ती जागा नाही. मी प्रसिद्ध म्हणून घेतला होता. तुम्हीही तसाच घेतलाय असा माझा अंदाज.

तुम्ही १७ नंबरच्या लेण्यात जा. तिथे सिंहल अवदान, म्हणजे सिंहलाची बौद्ध कथा, आहे भिंतभर. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे जणांबरोबर समुद्रात निघतो, जहाज फुटतं, बेटावर सुंदर बायका स्वागत करतात आणि त्या निघतात राक्षसिणी, मग उडणारा पांढरा घोडा येतो वाचवायला. ह्याच्यापुढे कुठली फँटसी आणताय तुम्ही? वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली भिंत आहे ही, आणि अख्खा ॲक्शन सिनेमा आहे.

पण खरी मजा पुढे आहे. अजिंठ्याला कॉमिकसारखे चौकोन नसतात. एकाच भिंतीवर तोच माणूस पाच-सात वेळा काढलेला असतो, वेगवेगळ्या प्रसंगात, आणि प्रसंग बऱ्याचदा कधी घडले ह्या क्रमाने नाही तर कुठे घडले त्याप्रमाणे लावलेले, राजवाड्यातलं सगळं राजवाड्यात, बेटावरचं बेटावर. म्हणजे ओवी आत गेली की तिला एक सिंहल भेटणार, दहा पावलांवर दुसरा सिंहल, ह्याला अजून जहाज फुटणार हे माहीत नाही, त्याला सगळं माहिती आहे. पहिल्याला सावध करायचं की नाही? केलं तर दुसरा भिंतीवरून पुसला जाणार का? टाइम ट्रॅव्हल आयतं मिळालं, मशीन न लावता, आणि भिंतीवर जिथे जिथे गिलावा पडलाय तिथे गोष्टीला खड्डे, उडी मारून जायचं. तो गिलावा म्हणजे माती, त्यात भुसा, झाडाचे तंतू, वर चुन्याचा पातळ थर. निळा रंग लॅपिस लाझुलीचा, अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला दगड. कबीरच्या नखात निळा कण अडकून बाहेर आला तर तो किती लांबून आलाय ते आजोबा सांगू शकतात, पण दोनच वाक्यांत हं.

तुम्ही म्हणाल की भिंत तर दीड हजार वर्षांपूर्वीच वाळली, ओल्या रंगाचा रूल कसा लावायचा? कॉपीने! आणि इथे तुमचे आजोबा कामाला येतात. जादूचा ब्रश काढून टाका, प्लीज, आजोबांना चित्रांच्या नकला करणारा माणूस करा. त्यांनी नक्कल करायला घेतली की ती ओली असेपर्यंत मूळ चित्राचं दार उघडं. ह्याला आपल्याकडे चांगला खरा आधार आहे. रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून तैलरंगात नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून परत बसले, एकेक इंच परत काढलं, आणि १८८५ ला लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनला आग लागून त्यातल्याही बऱ्याच गेल्या. दोनदा! तुमचे आजोबा त्या विद्यार्थ्यांपैकी कोणाचे तरी पणतू करा, घरात एक नक्कल अर्धीच राहिलेली, आणि तुम्हाला पाच सुट्या चित्रांऐवजी एक कादंबरी मिळते.

तसंच देवघरातल्या लक्ष्मीचं. रविवर्माने १८९४ ला मुंबईत प्रेस काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथून ज्या लक्ष्मी सरस्वती छापून निघाल्या त्या घराघरात भिंतीवर लागल्या. होकुसाईच्या लाटेचाच हिशोब, एक चित्र आणि हजारो दारं, फक्त ही दारं सांगलीपासून इंदूरपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या स्वयंपाकघरात उघडणार. ओवी लंडनऐवजी एखाद्या अनोळखी आजीच्या देवघरातून, तेलकट काचेमागून बाहेर पडली तर? मला तरी लूव्रपेक्षा हे जास्त आवडेल. माझं मत झालं, तुमची मुलगी काय म्हणते बघा.

निवेदनाबद्दल थोडं, कारण तुमची गोष्ट जरा पाठ केल्यासारखी चाललीये. अकबराने हम्झानामा, म्हणजे हम्झा नावाच्या वीराच्या साहसकथांचं चित्रमय पुस्तक, करून घेतला, साधारण १५६२ पासून पुढे पंधराएक वर्षं काम चाललं, १४०० चित्रं, कापडावर, चांगली मोठी, राक्षस, ड्रॅगन, हेर, जादूगार सगळं. आणि त्या पानांच्या मागे मजकूर लिहिलेला, म्हणजे वाचणारा मागून वाचतोय आणि ऐकणाऱ्यांना पुढून चित्र दिसतंय. आज दोनशेही चित्रं उरली नाहीत, काही तर १८८१ ला श्रीनगरमध्ये थंडी अडवायला खिडक्यांना लावलेली सापडली. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर चित्रकथी हेच करतात, पोथीतलं एकेक चित्र उभं धरायचं, वीणा, टाळ, हुडूक, आणि चित्रातली माणसं बोलायला लागतात. परशुराम गंगावणे यांना ह्यासाठी २०२१ ला पद्मश्री मिळाली. संधी मिळाली तर लेकीला घेऊन एकदा जाच. तिथे बघा, सांगणारा "हे चित्र अमुक शतकातलं" असं कधी म्हणत नाही, तो सरळ "आता हा निघाला" म्हणतो आणि प्रेक्षक आत. तुमची प्रकरणं त्या आवाजात मोठ्याने वाचा. जिथे आवाज मास्तरांचा होतो तिथे पेन्सिलने खूण करा.

राहिलेलं पटापट. आत गेल्यावर पोरं भूक, शू आणि भाषा हे तीन प्रश्न विचारतातच, विचारणारच, लास मेनिनासमध्ये संडास कुठे आहे हा माझ्या वर्कशॉपमधला आजवरचा सर्वात लोकप्रिय प्रश्न आहे, उत्तर एका वाक्यात देऊन टाका नाहीतर वाचक तिथेच अडकून बसतो. स्पॅनिश राजकन्या मराठी का बोलते ह्याचं कारण देत बसू नका, रंगात गेलं की कळतं, संपलं. भीतीचं म्हणाल तर कवटीला पोरं घाबरत नाहीत, होल्बाइनच्या १५३३ च्या द ॲम्बॅसेडर्समध्ये पायाशी एक तिरकी लांबट कवटी आहे जी फक्त बाजूने बघितली तरच नीट दिसते, तो राक्षस करून बघा, समोरून दिसतच नाही असा. पण स्वतःच्या मुलाला खाणारा गोयाचा सॅटर्न मी १२ च्या खाली दाखवत नाही, एकदा दाखवला आणि एका आईचा रात्री ११ ला फोन आला. चित्र छापणार असाल तर चित्रकार जाऊन ६० वर्षं झालीत का बघा, आपल्याकडे कॉपीराइट तेवढा चालतो, व्हॅन गॉग मुंक होकुसाई सगळे मोकळे, पिकासो १९७३ ला गेला म्हणजे अजून नाही. राइक्सम्युझियम आणि मेट्रोपॉलिटन मोठ्या साइजचे फोटो फुकट देतात, ते डाउनलोड करून कानाकोपऱ्यात झूम करा, लिहायच्या आधी निदान अर्धा तास, टायमर लावून.

तर तुमच्या पाच प्रकरणांचं असं करा. स्टारी नाइट आणि द स्क्रीम तूर्त बाजूला ठेवा, त्यात तुम्हाला स्वतःला काही दिसलेलं नाहीये असं वाचताना जाणवतं. लाट ठेवा, गळक्या होडीसकट. पद्मपाणीच्या जागी १७ नंबरचं लेणं. आणि मोनालिसा ठेवायचीच असेल तर तिचं हसणं विसरा. २१ ऑगस्ट १९११ ला विन्चेन्झो पेरुज्जा तिला लूव्रमधून घेऊन गेला, पॅरिसमधल्या आपल्या खोलीत ट्रंकेच्या चोरकप्प्यात ठेवली, आणि ती डिसेंबर १९१३ ला फ्लॉरेन्समध्ये मिळाली. दोन वर्षांच्या वर. तिकडे लूव्रमध्ये लोक रांग लावून रिकामी भिंत बघत होते आणि ही इथे अंधारात. ओवी आणि कबीरला तिच्याबरोबर त्या ट्रंकेत टाका, झाकण बंद, बाहेर पेरुज्जाच्या बुटांचा आवाज. एवढं एकच पान लिहा आधी आणि आज रात्री लेकीला वाचून दाखवा, दिवा घालवून.